खेळांची जत्रा आणि वेळेचें अंदाजपत्रक

खेळासाठीं वेळापत्रक करावें असें कोणीं सुचविलें, तर ऐकणाराला हंसूं आल्यावांचून राहात नाहीं. वेळापत्रक शाळेला, आगगाडीला आणि कचेरीला. खेळ मात्र या सर्वांतून घटकाभर सुटका व्हावी म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घरांत पट मांडून बसावयाचें असेल तेव्हां ही समजूत अगदीं रास्त ठरते. सोंगट्यांचा डाव लांबला, तर जेवणाचीं पानें अर्धा तास उशिरां मांडलीं जातात. यापलीकडे कांहीं बिघडत नाहीं. परंतु जेथें हजारों डाव एकाच वेळीं मांडलेले आहेत, सत्तर हजार माणसें ते खेळण्यासाठीं लोटलीं आहेत आणि हें सारें चार दिवसांनीं उठून जाणार आहे, तेथें कांहीं न ठरवितां गेलेला मनुष्य बहुधा खेळतच नाहीं. तो नुसता फिरतो. अशा जत्रेंत वेळ कसा वांटावा हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्यांत पैसा, प्रकृति आणि घरच्या माणसांचा आनंद तर गुंतलेला असतोच. पण ज्यांचें तोंडहि पूर्वी पाहिलेलें नाहीं अशा चार परक्या माणसांचा दिवसहि गुंतलेला असतो.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील 'जेन कॉन' हें संमेलन होय. इंडियाना संस्थानाची राजधानी जें इंडियानापोलिस शहर, तेथें जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या आरंभीं, गुरुवारपासून रविवारपर्यंत तें भरतें. येथील खेळ मैदानी नव्हेत; संगणकाच्या पडद्यावरील खेळांनाहि येथें दुय्यम स्थान आहे. मेजाभोंवतीं समोरासमोर बसून खेळावयाचे जे खेळ, म्हणजे पटावरचे, पत्त्यांचे, चिमुकल्या सैनिकांच्या फौजांचे, आणि ज्यांत खेळणारे एखाद्या कथेंतील पात्रें होऊन ती कथा बोलत बोलत पुढें नेतात असे कथाखेळ, हेंच येथील मुख्य वैभव.

या संमेलनाचा जन्म अगदीं साध्या रीतीनें झाला. विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं गॅरी गायगॅक्स नांवाचे एक गृहस्थ राहात असत. ते विमाकंपनींत नोकरी करीत आणि फावल्या वेळांत लढाईचे खेळ खेळत. १९६८ सालच्या ऑगस्टमध्यें त्यांनीं गांवांतील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्यानें घेतला आणि समानशील मंडळींना बोलाविलें. सुमारें शंभर माणसें जमलीं. युद्धविषयक जिनीव्हा करार प्रसिद्धच आहे, आणि इंग्रजींत करार व संमेलन या दोहोंनाहि 'कन्व्हेन्शन' हाच शब्द. तेव्हां गांवाच्या नांवावर कोटी करून संमेलनाचें नांव 'जेन कॉन' असें पडलें. पुढें तें १९८५ पासून मिल्वॉकी येथें आणि २००३ पासून इंडियानापोलिस येथें भरूं लागलें. शंभर माणसें एका दालनांत एक दिवस जमतात, तेव्हां नियोजनाची गरज नसते. प्रत्येकाला प्रत्येक मेज दिसतें. आतां मात्र येणारांची संख्या ७०,००० च्या वर गेली आहे व चार दिवसांतील कार्यक्रम २०,००० च्या घरांत असतात.

हे आंकडे ऐकून मनुष्य दिपून जातो. पण त्यांचा त्रैराशिकानें हिशेब केला म्हणजे डोकें ठिकाणावर येतें. विक्रेत्यांचें जें मोठें प्रदर्शन-दालन असतें, तें पहिले तीन दिवस सकाळीं दहापासून सायंकाळीं सहापर्यंत आणि रविवारीं चारपर्यंत उघडें असतें. म्हणजे एकंदर ३० तास, अर्थात् १,८०० मिनिटें. दुकानें ५०० हून अधिक. न जेवतां, न बसतां आणि एकहि खेळ न खेळतां केवळ दुकानेंच पाहावयाचीं म्हटलें, तरी प्रत्येकाच्या वांट्याला जेमतेम साडेतीन मिनिटें येतात. कार्यक्रमांचें म्हणाल, तर दिवसाला चार याप्रमाणें अगदीं घोड्यावर बसून केले तरी सोळा होतात. उरलेल्या हजारोंचें तोंडहि दिसत नाहीं. सर्व कांहीं पाहण्याचा संकल्प, तात्पर्य, पहिल्याच क्षणीं सोडावा लागतो, आणि नियोजनाचा खरा आरंभ सोडावयाच्या गोष्टींपासून होतो. हें सोडणें घरीं, शांत चित्तानें, कागद पुढें घेऊन केलें तर त्याला निवड म्हणतात. तेंच गर्दींत, भुकेल्या पोटीं, रांगेंत उभें राहून करावें लागलें तर त्याला निराशा म्हणतात. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण अशा जत्रेच्या दारावर लिहून ठेवण्यासारखी आहे.

संमेलनांतील वेळाचे तीन प्रकार पाडतां येतात. पहिला बांधलेला वेळ: अमुक वाजतां, अमुक मेजावर, हातीं तिकीट. दुसरा फिरता वेळ: प्रदर्शन, लिलाव, नाना वेष धारण करून हिंडणारे लोक, चित्रकारांचीं दालनें. तिसरा मोकळा वेळ: ज्याच्यापुढें कागदावर कांहींच लिहिलेलें नाहीं असा. नवखा मनुष्य पहिल्या दोहोंनीं दिवस ठासून भरतो आणि तिसरा विसरतो. फार बेफिकीर मनुष्य पहिला विसरतो. दोघांनाहि पश्चात्ताप होतो.

बांधलेल्या वेळाची तयारी कित्येक महिने आधीं सुरू होते. प्रवेशाचा बिल्ला वेगळा आणि बहुतेक कार्यक्रमांचें तिकीट वेगळें. कार्यक्रमांची नोंदणी साधारणतः मे महिन्यांत उघडते. तत्पूर्वीं प्रत्येकानें आपल्या आवडीची ५० पर्यंत कार्यक्रमांची यादी पसंतीच्या क्रमानें लावून ठेवावयाची असते. नेमलेली वेळ होतांच हजारों याद्या एकदम दाखल होतात; ज्याची यादी आधीं हातीं घेतली जाईल, त्याला हव्या त्या जागा मिळतात. येथें पुष्कळ जण फसतात ते क्रम लावतांना. शंभर माणसांना पुरेल असा कार्यक्रम ते यादींत वर घालतात आणि जेथें अवघ्या सहा खुर्च्या आहेत तो खालीं ठेवतात. वस्तुतः आवडीबरोबर दुर्मिळताहि पाहिली पाहिजे. जें सहज मिळण्यासारखें आहे तें खालीं गेलें तरी मिळतें; सहा खुर्च्यांचें मेज मात्र वर लिहिलें नाहीं तर हातचें गेलें. शिवाय एकाच वेळेसाठीं दोन-तीन पर्याय लिहून ठेवावे, म्हणजे पहिला हुकला तरी ती दुपार कोरडी जात नाहीं.

राहण्याच्या जागेचा या हिशेबाशीं निकटचा संबंध आहे. संमेलनामार्फत मिळणाऱ्या खोल्यांसाठीं कोणाची पाळी केव्हां लागेल, हें चिठ्ठ्या टाकल्यासारखें दैवाधीन असतें. संमेलनगृहाला बंदिस्त पुलांनीं जोडलेलीं कांहीं हॉटेलें आहेत. तेथें खोली मिळाली तर दुपारीं तासभर पाठ टेकतां येते. दूर खोली मिळालेल्यानें मात्र दिवसाच्या मध्यें परत येण्याचा विचारच सोडावा आणि विश्रांतीची सोय तेथल्या तेथें पाहावी. दोघांचें वेळापत्रक एक असूं शकत नाहीं.

कार्यक्रमांचे तास मांडतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, खेळाच्या पेटीवर छापलेला वेळ हा खेळ येणाऱ्या लोकांचा वेळ असतो. पेटीवर साठ मिनिटें लिहिलीं असतील, तर नियम समजावून घेणें, शंका विचारणें आणि सोंगट्या मांडणें धरून नवख्यांना नव्वद मिनिटें सहज लागतात. दुसरी गोष्ट अंतराची. कार्यक्रम संमेलनगृहांत, शेजारच्या लुकास ऑइल स्टेडियमांत आणि भोंवतालच्या हॉटेलांत विखुरलेले असतात. एक डाव दोन वाजतां संपतो आणि दुसरा दोन वाजतांच सुरू होतो, हें कागदावर सुबक दिसतें. प्रत्यक्षांत मध्यें गर्दी, जिने आणि पाण्याचा पेला असतो. दोन कार्यक्रमांत निदान अर्धा तास मोकळा ठेवावा.

आतां कथाखेळाकडे वळणें प्राप्त आहे. कारण वेळेच्या जबाबदारीचा खरा अर्थ तेथें कळतो. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीच्या खेळांचा मूळपुरुष. मेजाच्या शिरोभागीं एक सूत्रधार बसतो. भोंवतीं चार-सहा खेळणारे. सूत्रधार प्रसंग सांगतो: डोंगरांत भुयार आहे, आंत दिवा दिसतो आहे. खेळणारांपैकीं कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी जखमा बऱ्या करणारा. काय करावयाचें तें ज्यानें त्यानें सांगावयाचें आणि यशापयशाचा निवाडा फांशांनीं करावयाचा. संमेलनांत असा एक खेळ साधारणपणें चार तास चालतो. सूत्रधार बहुधा हौशी मनुष्य असतो. त्यानें त्या चार तासांसाठीं घरीं कित्येक रात्री जागून कथा रचलेली असते, नकाशे काढलेले असतात. अशा मेजावरील सहांपैकीं दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर पत्त्यांतून दोन पानें हरवल्यासारखें होतें. जखमा बऱ्या करणारा आलाच नाहीं, तर उरलेले चौघे भुयारांत शिरणार कसे?

न आलेल्याची जागा बाहेर आशेनें थांबलेल्यास देण्याची पद्धत तेथें आहे, आणि ज्यांना आधीं तिकीट मिळालें नाहीं अशांनीं तिचा अवश्य लाभ घ्यावा. परंतु प्रत्येक वेळीं कोणी थांबलेला असतोच असें नाहीं. म्हणून एकाच वेळेच्या दोन मेजांचीं तिकिटें निरनिराळ्या नांवांवर अडवून ठेवणें आणि ऐन वेळीं मन लागेल तिकडे जाणें, ही हुशारी नव्हे. तो परक्याच्या दिवसावर घातलेला घाला आहे. न लागणारें तिकीट वेळींच परत करतां येतें. तें परत करावें. बांधलेला तास हा सहा अनोळखी माणसांनीं एकमेकांना दिलेला शब्द आहे, आणि जितके शब्द पाळतां येतील तितकेच द्यावे. दिवसाला एक, फार तर दोन, हें प्रमाण योग्य. पालखीचे मुक्काम आणि विसांवे आधीं ठरलेले असतात, आणि म्हणूनच मधल्या वाटेवर भजन मनसोक्त रंगतें. संमेलनाच्या दिवसालाहि असे एक-दोन मुक्काम पुरे होतात.

हें सारें प्रत्यक्षांत कसें उतरावें, हें एका कल्पित कुटुंबावरून पाहतां येईल. समजा, अमेरिकेंत नोकरीनिमित्त राहणारें एक मराठी कुटुंब प्रथमच तेथें जात आहे: वडील, आई, कॉलेजांत जाणारा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी. वडिलांना बुद्धिबळाची संवय, म्हणून डावपेंचाचे पट हवे. आईला नाटकाची आवड, म्हणून कथाखेळ. मुलगा 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळाचा नादी. आणि मुलीला सर्वच हवें. प्रथम प्रत्येकानें तीन-तीन गोष्टी लिहाव्या आणि त्यांतील एकीखालीं रेघ मारावी. चार माणसें, चार दिवस, चार रेघा: एकेक दिवस एकेकाच्या रेघेचा. त्या दिवशीं ती गोष्ट अढळ, बाकीचें सर्व हलणारें.

गुरुवार मुलाचा. पत्त्यांच्या सामन्याचें वैशिष्ट्य असें कीं, तो किती वेळ चालेल हें खेळणाऱ्याच्या नशिबावर असतें. जिंकत गेला तर सायंकाळ होते, हरला तर दुपारींच मोकळा. त्याच्या सामन्यापुढें दुसरें कांहींहि बांधूं नये. बाकीच्या तिघांनीं तेवढ्यांत दालनाची पहिली फेरी करावी. या फेरींत खरेदीपेक्षां टिपण महत्त्वाचें. अपवाद फक्त ज्या नव्या खेळाच्या प्रती मोजक्याच आल्या आहेत त्याचा, कारण तो दुसऱ्या दिवशीं राहील याचा भरंवसा नाहीं. शुक्रवार आईचा. कथाखेळ सकाळचा घ्यावा. चार तास लक्ष देऊन ऐकणें आणि बोलणें हें जेवणानंतरच्या पेंगेंत साधत नाहीं. शनिवार वडिलांचा, आणि गर्दीचाहि. म्हणून त्या दिवशीं दालनांत न रेंगाळतां बैठ्या पटांकडे जावें. तेथें खेळांचें ग्रंथालय असतें: खेळ मागून घ्यावा, मेज धरावें, डाव संपला म्हणजे परत करावा. रविवार मुलीचा. हा दिवस तेथें कुटुंबांचा म्हणून ओळखला जातो, आणि दालन चारला मिटतें हेंहि लक्षांत ठेवावयाचें. खोली सोडणें आणि विकत घेतलेल्या पेट्या गाडींत रचणें हीं कामें सकाळींच उरकलीं, तर मुलीचा दिवस घाईंत जात नाहीं. शेवटची अट अशी कीं, रोज एक जेवण चौघांनीं एकत्र करावयाचें, आणि त्या वेळीं प्रत्येकानें दिवसाची हकीकत सांगावयाची. निरनिराळ्या वाटांनीं गेलेल्या चौघांचा दिवस एक होतो तो या जेवणांत.

या वेळापत्रकांत पुष्कळ जागा कोऱ्या राहिल्या, असें कोणी म्हणेल. त्या मुद्दाम राहिल्या आहेत. या संमेलनाचा इतिहासच मोकळ्या वेळाची किंमत सांगतो. गायगॅक्स आणि आर्नेसन यांची गांठ १९६९ सालीं, दुसऱ्या जेन कॉनमध्यें पडली. त्या भेटींतून परिचय, परिचयांतून एकत्र काम, आणि पांच वर्षांनीं तो खेळ निघाला ज्यानें कथाखेळ नांवाची जातच निर्माण केली. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड यांचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ याच संमेलनांत लोकांपुढें आला. त्या वर्षीं कोणाच्या जुन्या यादींत तो असणें शक्यच नव्हतें. पाय थांबवून पाहावयास ज्यांच्याजवळ दहा मिनिटें होतीं, त्यांनाच तो दिसला. पुढें १९९७ सालीं त्या खेळाच्या प्रकाशकांनीं गायगॅक्स यांनीं स्थापिलेली टी. एस. आर. ही कंपनी विकत घेतली, आणि त्या प्रकाशनसंस्थेचे एक संस्थापक पीटर अ‍ॅडकिसन यांनीं २००२ सालीं हें संमेलनच घेतलें. यादीबाहेरच्या गोष्टीला जागा ठेवावी, याला याहून बोलका दाखला मिळणें कठीण.

देहाचा हिशेब यांत धरलाच पाहिजे. अशा संमेलनांना नेहमीं जाणाऱ्या लोकांत एक दंडक रूढ आहे: दिवसाला निदान पांच तास झोंप, दोन वेळां जेवण आणि एक स्नान. कोणी झोंपेचे सहा तास म्हणतात. शहाण्यासुरत्या माणसांना स्नान करा म्हणून सांगावें लागतें, याचें मराठी घरांत हंसूं येईल. पण खेळाच्या धुंदींत मनुष्य काय काय विसरतो, हें त्यावरून कळतें. 'आधीं पोटोबा, मग विठोबा' हा न्याय येथें तंतोतंत लागू पडतो. बारा वाजतां सर्वांनाच भूक लागते आणि रांगा वाढतात; अकरा किंवा दोन ही वेळ धरली तर तासभर वांचतो. पाण्याची बाटली आणि वापरून मऊ झालेले जोडे हे कोणत्याहि तिकिटाइतकेच महत्त्वाचे. चौथ्या दिवशीं ताप घेऊन घरीं येणारे पुष्कळ असतात. त्यांतील बरेच जण पहिल्या रात्रीं तीन वाजेपर्यंत जागलेले असतात.

मात्र एका जत्रेचें वेळापत्रक दुसरीला जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. जर्मनींतील एसेन शहरीं १९८३ पासून 'श्पील' नांवाचें प्रदर्शन दर ऑक्टोबरमध्यें भरतें. तेंहि चार दिवसांचें, आणि तेथें येणारांची संख्या दोन लाखांच्या घरांत असते. तेथें भर आहे तो नव्या खेळांवर. प्रकाशकाच्या दुकानांतच मेजें मांडलेलीं असतात. मेज रिकामें झालें कीं बसावें, समजावून देणारा नियम सांगतो, आवडलें तर खेळ विकत घ्यावा. आगाऊ तिकिटाचा मुक्काम येथें फारसा नाहीं; म्हणून यादी वेळेप्रमाणें न करतां दालनाप्रमाणें करावी, आणि ज्या मेजांवर झुंबड उडणार तीं दार उघडतांच गांठावीं. शिवाय एका मेजावर अर्धा डाव खेळून खेळाची पारख झाली असेल, तर सर्वांच्या संमतीनें उठण्यास हरकत नसते. जेन कॉनच्या कथाखेळांतून असें उठणें शोभणार नाहीं. जत्रेचा स्वभाव ओळखून वेळ वांटणें, हें दोन्ही ठिकाणीं सारखेंच आवश्यक.

एवढें सगळें करूनहि ठरविल्याप्रमाणें सर्व घडेल असें नाहीं. सामना लांबेल, मुलगी थकेल, हवा असलेला खेळ संपलेला असेल. अशा वेळीं हलणारी गोष्ट हलवावी, अढळ गोष्ट संभाळावी, आणि ज्या मेजावर आपली वाट पाहिली जात आहे तेथें वेळेवर पोंचावें. इतकें साधलें तर दिवस साधला. राहून गेलेल्या गोष्टींची यादी मात्र परतींत फाडून टाकूं नये. पुढील वर्षाच्या नियोजनाचा तोच पहिला कागद होय.